नुसता अंगठा

मित्रांनो, आधी हात दाखवा बघू. दोन्ही. अंगठ्याला शाई नाही ना? बरं, मग बसा.

मी शाईचा पॅड आहे, आणि आता चांगलाच म्हातारा झालो आहे. पत्र्याची चपटी डबी, आत जाड कापडाची गादी, गादीत जांभळी शाई. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही, आणि कोणी छातीठोकपणे सांगितलं तरी माझा विश्वास बसणार नाही. मला कळायला लागलं तेव्हा मी बारामतीतल्या एका दुकानात होतो. तिथून मला महिपतीनं विकत घेतलं. इंदापुरात कचेरीबाहेर लिंबाखाली त्याचं टेबल होतं. लोकांचे अर्ज आणि दस्त लिहून देणं हा त्याचा धंदा.

काय दिवस होते ते! "महिपती, तुज्या पॅडचा अंगठा रेघ न् रेघ उठतो रं," असं लोक म्हणायचे आणि मी फुगायचो. उसाच्या पात्यानं चिरलेले, मेथीच्या जुड्या बांधून हिरवे झालेले, धारा काढून मऊ पडलेले, सगळे अंगठे माझ्या ओळखीचे होते. पण संशयी झालो तो याच टेबलावर.

बाप वारला की भाऊ बहिणीला घेऊन यायचा. "काय न्हाय गं आक्का, नुसता अंगठा हाय," म्हणायचा. ती अंगठा टेकवायची, पदराला पुसायची, भावानं पाजलेला चहा पिऊन सासरी जायची. तो कागद हक्कसोडपत्राचा होता, म्हणजे बापाच्या जमिनीतला आपला वाटा तिनं सोडून दिला, हे मला मागाहून महिपतीच्या बोलण्यातून कळायचं. काही जणी समजून-उमजून सोडायच्या, माहेर तुटू नये म्हणून. पण कित्येकींना आपण काय सोडलं याचा पत्ताच नसायचा. तेव्हापासून 'नुसता' हा शब्द कानावर आला की माझी शाई गोठते.

पुढे यंत्रं आली. काचेवर बोट ठेवलं की काम झालं. महिपतीनं टेबल गुंडाळलं आणि मला ट्रंकेत टाकलं. वर्षामागून वर्षं गेली, मी कोरडा ठणठणीत पडलो. कोणी झाकण उघडून पाहिलं नाही. फार राग आला होता, खोटं कशाला बोलू?

मग एके दिवशी महिपतीच्या पुतणीनं, सोनमनं, मला बाहेर काढून नवी शाई पाजली. निमगाव केतकीत सोनम आणि तिची काकू सारजा, म्हणजे महिपतीची बायको, मिळून एक स्वयंपाकघर चालवत होत्या. ज्यांची मुलं पोटापाण्यासाठी बाहेर गेली आणि जे घरात एकटेच उरले, अशा अठरा म्हाताऱ्यांना रोज दुपारी गरम डबा. भाजी बागायतदारांकडून यायची. पण गॅस आणि धान्य काही केल्या झेपेना. सारजाकाकू म्हणाल्या, "सोनम, ह्यो म्हैना सरला की चूल इझवावी लागंल."

तेवढ्यात बारामतीच्या एका न्यासानं गावोगावच्या अशा कामांसाठी अनुदान जाहीर केलं. अर्ज जाडजूड होता. जेवणाऱ्या प्रत्येकाचं संमतीपत्र हवं, सही नाहीतर अंगठ्यासह, आणि माणसं निदान पंधरा. शेवटची तारीख शुक्रवार. ही महिपतीच्याच घरची माणसं, यांच्यावर लक्ष ठेवलं पाहिजे, असं मी मनाशी ठरवलं.

नऊ कागद झाले. उरलेले नऊ जण वरच्या आळीचे. त्यांतले आठ जण म्हणाले, "कुशाबाई देईल तर आमी देऊ." म्हणून सोनम कुशाबाईंच्या दारात गेली. उन्हातानात फिरून ती वैतागली होती. झाकण उघडत म्हणाली, "आज्जी, काही नाही हो, नुसता अंगठा आहे!"

झालं! माझी शाई गोठली. कुशाबाईंनी हात पदराखाली लपवला.

"नुसता म्हंतीस? माज्या भावानं बी नुसताच म्हनला हुता. डबा द्या न्हायतर नका दिऊ, माजी भाकर मला थापता येती. अंगठा मी दित न्हाय."

कसली थापता येते! हात कापतात त्यांचे. डबा सुरू होण्याआधी त्या चहात बिस्किटं बुडवून दिवस काढायच्या, हे अख्ख्या आळीला माहीत होतं. तरी मित्रांनो, मला त्या मनापासून आवडल्या. शाबास म्हातारे, असंच पाहिजे, असं मी म्हटलं.

गुरुवारी सोनम मला पर्समध्ये घालून बारामतीला गेली. तिथे दीपक नावाचा माणूस अर्ज टाईप करून द्यायचा. सगळं ऐकून तो हसला. "मॅडम, कशाला डोकं पिकवताय? नऊ अंगठेच कमी हायेत ना? हाताचे लावा, पायाचे लावा, सारजाकाकूंचे लावा. अंगठ्याला कोण वळखतंय?"

सोनम कागद गोळा करून निघाली. एसटी स्टँडच्या बाकावर येऊन बसली. मांडीवर कागद घेतले, मला उघडलं आणि आपला अंगठा माझ्या गादीवर दाबला. अगं अगं अगं! गेली ही पोरगीसुद्धा, असं वाटून मी हळहळलो. बराच वेळ ती त्या जांभळ्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग रुमालानं लाल होईपर्यंत तो पुसला आणि गावची गाडी पकडली. तरी मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही.

शुक्रवारी सकाळीच ती कुशाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसली. "आज्जी, अंगठा राहू द्या. मी कागद वाचते, तुम्ही ऐका. पटलं नाही तर उठून जाईन."

तिनं वाचायला सुरुवात केली. आळीतली बाकीची मंडळी ओट्याभोवती जमली. रोजचा डबा, फोटोला हरकत नाही, नको असेल तेव्हा डबा बंद करता येईल, असं एकेक येत गेलं. मग आलं, "मी निराधार असून मला कोणीही नाही..."

"थांब!" कुशाबाई ओरडल्या. "कोन निराधार?"

"आज्जी, तो छापील शब्द आहे. सगळ्यांच्याच कागदावर आहे."

"छापंना का! माजं दोन ल्योक हायेत. रतन चाकनला, रणजित पुन्याला. आन मी अंगठा दिऊन सांगू, मला कुनी न्हाय? जित्त्या लेकरांवर पानी सोडू व्हय गं?"

बघा मित्रांनो! संशय खरा निघाला. कागद कुशाबाईंकडून काहीतरी काढून घेतच होता, आणि ते अर्ज भरणाऱ्या सोनमलाही कळलं नव्हतं. पोरीचा चेहरा उतरला. तिनं पेन काढून ती ओळ खोडली.

"मग इथं काय लिहू, आज्जी?"

कुशाबाईंनी थोडा विचार केला. "लिव. पोरं हायेत, पर दुपारच्याला हितं न्हायती."

सोनमनं शब्द न् शब्द तसाच लिहिला. मग कुशाबाईंनी स्वतः हात पुढे केला. मी जीव लावून शाई दिली. वरच्या आळीचे सगळे अंगठे झाले. मग सोनम आधीच्या नऊ जणांकडे परत गेली, त्यांनाही वाचून दाखवलं आणि त्यांच्याही कागदावर तेच लिहिलं. सारजाकाकूंनी कपाळाला हात लावला. "छापील वळ खोडलीस? आता अर्ज बाद हुतोय बघ."

तरी सोनमनं त्याच संध्याकाळी अर्ज न्यासात नेऊन दिला. पंधरा दिवसांनी न्यासाचे मोहनराव तपासणीला आले. माणूस माझ्याच जातकुळीचा, पक्का संशयी. "अठरा कागदांवर एकच खाडाखोड, एकाच हातची. हे अंगठे खरे कशावरून?" त्यांनी ताडताड विचारलं. ताजा ठसा घेऊन ताडून पाहायचं म्हणून मला उघडून ठेवलं आणि कुशाबाईंना बोलावलं.

"आज्जी, हा अंगठा तुमचाच का?"

"आदी तुमी कोन ते सांगा. वळखपत्र दावा. सोनम, वाच गं काय लिवलंय त्याच्यावर."

मोहनरावांनी निमूटपणे ओळखपत्र काढलं. सोनमनं ते वाचलं. मग त्यांनी विचारलं, "या कागदात काय लिहिलंय, माहीत आहे का तुम्हाला?"

"न्हाय कसं? रोज दुपारचा डबा मिळतो. फोटू काढाय हरकत न्हाय. नगं वाटंल तवा बंद करीन. आन पोरं हायेत, पर दुपारच्याला हितं न्हायती. बरूबर?"

मोहनरावांनी कागदावरची ती ओळ बोट ठेवून ताडून पाहिली. मग माझं झाकण त्यांनी आपल्या हातानं बंद केलं आणि फाईलवर सही केली. महिन्याभरानं मंजुरीचं पत्र आलं, एका वर्षासाठी. चूल विझली नाही.

मला वाचता येत नाही, मित्रांनो. माझ्या गादीवर टेकणाऱ्या बहुतेकांनाही येत नव्हतं. म्हणून तर आयुष्यभर आम्ही संशयच घेत राहिलो, दुसरं काय होतं आमच्या हातात? पण तुम्हाला वाचता येतं. घरात कोणी अंगठा द्यायला निघालं, की त्यांच्या शेजारी बसा आणि कागद मोठ्यानं वाचून दाखवा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. आणि त्यांनी मध्येच "थांब" म्हटलं, तर थांबा.