चिमूटभर तुरटी

"खिडकीपाशी धरा, चाचा. उजेडात दिसंल," संपत म्हणाला.

बदरुद्दीन कागदीने फिल्मची पट्टी उजेडासमोर धरून डोळे बारीक केले. नखाएवढी चित्रं एकाखाली एक. आधी त्याचेच दोन हात, मनगटापासून पुढचे, चिमटीतून वाडग्यात पांढरी पूड सोडणारे. खाली संपतचा मामा हौशीराम दुधाचा पेला तोंडाला लावतोय. आणि त्याच्याही खाली तोच हौशीराम, डोळे पांढरे करून आडवा.

बदरुद्दीनने पट्टी खिडकीपासून दूर केली.

"संपतराव, ह्ये काय? मी तर कागदाला लावायच्या खळीत तुरटी टाकत व्हतो."

"व्हय की. पन पडद्यावर त्येच इख दिसतं," संपत खुशीत म्हणाला.

संपत वारूळवाडीच्या बागायतदाराचा मुलगा, पुण्याला कॉलेजात. मित्राचा फिल्मचा कॅमेरा मागून आणला होता आणि सुट्टीत जुन्नरला खोली घेऊन एका रहस्यमय खेळाची सुरुवात तयार करत होता. सुरुवातच फक्त, पुढचं त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. महिन्यापूर्वी तो बदरुद्दीनच्या घराला लागून असलेल्या कागदाच्या कारखान्यात येऊन "हातांचं चित्र घेतो" म्हणाला, तेव्हा बदरुद्दीनला वाटलं, आपल्या कागदाचं कौतुक होतंय. बायकोला, बिबिजानला, त्याने दोनदा सांगितलंही होतं.

आता शुक्रवारी दुपारी शाळेत हा खेळ दाखवायचा होता. आणि नेमकं त्याच दिवशी मंचरहून कासमभाई येणार होते, त्याच्या लेकीच्या, नूरजहाँच्या, सोयरिकीचा शेवटचा शब्द द्यायला. माणूस बायस्कोपचा शौकीन. खेळाला आल्याशिवाय राहणार नाही. तिथे होणाऱ्या सुनेच्या बापाचे हात दुधात विष कालवताना बघून तो काय म्हणेल? खेळच आहे, हे खरं. पण बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? आणि हात लपण्यासारखे नव्हते. उजवी करंगळी वाकडी, नखं चुन्याने खाल्लेली. तीस वर्षं सगळं जुन्नर याच हातांतून कागद घेत आलं होतं.

"तेवढं कापून टाका, राव."

"मंग काय उरतं, चाचा? मामा दूद प्याला आन् मेला! लोक म्हनतील, दूद नासलं व्हतं." संपतचा आवाज उतरला. "सोमवारी आमच्या सरांना दावायचंय. त्येंना पटलं तर मुंबईच्या कंपनीला चिठ्ठी देनार. न्हाई तर बा म्हनतो, गप घरी ये आन् कांदा लाव."

एवढ्यात बदरुद्दीनच्या हातातच पट्टी चिकटवलेल्या सांध्यावर निसटली. संपतने कपाळावर हात मारला. सकाळपासून तिसऱ्यांदा.

बदरुद्दीनने तुटलेलं टोक बोटावर फिरवलं. ओबडधोबड खरवडलेलं, वर चिकटाचा गोळा. असला सांधा त्याला बघवेना. "आसं खरवडत्यात व्हय?" म्हणत त्याने कमरेचा चाकू काढला, काठ हलक्या हाताने एकसारखा केला, फुंकर मारली, चिकट अगदी पुसट लावला आणि टोकं जुळवून दाबून धरली. सांधा असा बसला की बोटाला लागेना.

मग त्याच्या लक्षात आलं. आपलेच हात आपण हौशीरामाच्या दुधाच्या पेल्याशेजारी नीट चिकटवून दिले होते.

"निदान माजं नाव तरी नगा टाकू," तो कसाबसा म्हणाला.

संपतने कात्री घेतली. मग रिळाच्या शेवटाकडून बोटभर तुकडा कापून त्याने बदरुद्दीनच्या तळहातावर ठेवला. "'हात : बदरुद्दीन कागदी, जुन्नर'. तुमच्याच कागदावर लिवून चित्र घेतलं व्हतं. लई हौसेनं."

शुक्रवारी शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. आत उकाडा मरणाचा. बदरुद्दीन कासमभाईंच्या शेजारी बसला, उजवा हात कोटाच्या खिशात खोल घालून. यंत्र घरघरलं आणि पडद्यावर हात आले, सुपाएवढे. करंगळी तर अशी वाकडी दिसत होती की आंधळ्यानेही ओळखावी. या अल्ला, तो मनात म्हणाला, माझं काय व्हायचं ते होऊ दे, पोरीचं नको.

कासमभाई त्याच्याकडे झुकले. "बदरूभाई..."

त्याने खिशातली करंगळी मुठीत दाबली.

"हात बगा त्येचं. मानूस सराईत दिसतोय."

"असनारच," पुढे बसलेला जानकू मागे वळून म्हणाला. कचेरीसमोर बसून अर्ज लिहिणारा हा जानकू पंचवीस वर्षं बदरुद्दीनकडून कागदाचे दस्ते नेत होता. "मुंबईचा नट आसंल. आपल्याकडं कुनाचं आलंत असलं हात?"

हौशीराम मेला आणि टाळ्या पडल्या. मग नावं आली. संपतचं आलं, हौशीरामाचं आलं. हातांचं आलं नाही.

घरी कासमभाईंनी शब्द दिला. "पोरगी आमची झाली," ते म्हणाले. बदरुद्दीनने विडा पुढे केला, उजव्याच हाताने, न राहवून. कासमभाईंनी तो घेऊन तोंडात टाकला. बोलत होते ते लग्नाच्या तारखेबद्दल.

पाहुणे गेले. बदरुद्दीनला आनंद झाला होता, अगदी खराखुरा. डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. तरीही आत काहीतरी दुखत होतं आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. पंचवीस वर्षं जानकू समोर उभा राहून कागद मोजून घेत होता.

दारात उभं राहून त्याने खिशातला तुकडा उन्हासमोर धरला. त्याला वाचता येत नव्हतं. बारीक अक्षरांच्या ओळी एकाखाली एक होत्या, सगळ्या सारख्या. त्याने त्या पुन्हापुन्हा पाहिल्या.

"खळ गार व्हाय लागलीया," बिबिजान आतून म्हणाली.

तुकडा टोपीत खोचून तो आत गेला आणि बाह्या सारून वाडग्यापाशी बसला. तुरटीची चिमूट उचलली. हात क्षणभर तसेच खळीवर धरून ठेवले, कॅमेऱ्यासमोर संपतने धरायला लावले होते तसे. मग चिमूट सोडली आणि खळ ढवळायला घेतली.