चार मिलिमीटरचा ठिपका

लवूच्या छातीच्या फिल्मवर उजवीकडे, वरच्या बाजूला एक पांढरा ठिपका होता. लांबी चार मिलिमीटर, रुंदी जेमतेम एक. तेवढ्याने त्याची नोकरी अडली होती.

मित्रांनो, मी एक जुनी एक्स-रे कॅसेट आहे. गाण्यांची नव्हे, फिल्म ठेवायची चपटी पत्र्याची पेटी. माझ्या आत दोन पडदे आहेत. क्ष-किरण पडले की ते उजळतात आणि त्या उजेडाने फिल्मवर चित्र उमटते. रत्नागिरीतल्या एका दवाखान्यात मी अकरा वर्षे काढली. माझ्या स्वच्छ चित्रांचे कौतुक झाले. पडदे पुसायचे मात्र हळूहळू सगळे विसरले.

१९८४ चा मे महिना होता. लवूला पोफळीच्या वीजघरात काम मिळाले होते. तीस तारखेच्या आत तब्येतीचा दाखला हवा होता. ठिपका क्षयाचा असेल, या शंकेने डॉक्टर सही करीनात. पंधरा दिवसांनी पुन्हा मलाच लावून फिल्म काढली. ठिपका होताच. डॉक्टर म्हणाले, बघू.

एक्स-रे काढणाऱ्या गोदाताईंनी दोन्ही फिल्म शेजारी लावल्या आणि पट्टी घेतली. पहिलीवर ठिपका दोन बरगड्यांच्या मधे होता, दुसरीवर थेट बरगडीवर. दुसऱ्या वेळी लवू जरा वाकून उभा होता. फिल्मच्या वरच्या कडेपासूनचे अंतर मात्र दोन्हींवर नेमके अकरा सेंटिमीटर. माणूस हलला होता, ठिपका हलला नव्हता. म्हणजे तो लवूचा नव्हे, माझा होता.

त्यांनी मला उघडले. पडद्याला गवताच्या काडीचा तुकडा चिकटला होता. फिल्म धुण्याच्या ज्या अंधाऱ्या खोलीत मला उघडून फिल्म भरत, तिथेच मदतनीस गंगारामने आंबे पिकवायला गवताची अढी लावली होती.

"एवढी बंद खोली दुसरी नाय ओ, ताई," तो पुटपुटला.

"आंब्यांबरोबर क्षयपण पिकवलास की रे."

मग त्यांनी मऊ कापसाने माझे पडदे पुसले, वाळवले. इतक्या हातांतून मी गेले, पण माझ्या पोटात डोकावणाऱ्या त्या एकट्याच. मित्रांनो, आम्ही दाखवतो त्यावर माणसांचे ठरते. म्हणून आम्हाला आतूनही पुसत जा.

एकोणतीस तारखेला तिसरी फिल्म निघाली. डॉक्टरांनी ती उजेडासमोर बराच वेळ धरली. लवू दारात उभा होता.

"छाती साफ आहे," डॉक्टर म्हणाले. "दाखला घे आणि उद्याच पोफळीला रुजू हो."