चेंडू न शिवलेल्या खेळाडूचा टोप

मित्रांनो, माझ्या तोंडावरची जाळी बघून मला उंदराचा पिंजरा समजू नका. मी अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्याचा जुना टोप आहे, हेल्मेट म्हणा हवं तर. बोरगाव मेघेत कैलासच्या घरी, कूलरच्या मागे माझा मुक्काम असतो. आता फार बोलवत नाही, पण त्याची गोष्ट माझ्याशिवाय सांगणार कोण?

कारखान्यात कडक प्लॅस्टिकपासून मला घडवलं, आतून मऊ गाद्या लावल्या. वाटलं होतं, आपल्याला चेंडूमागे पळायला मिळेल. पण मी आलो कैलासच्या वाट्याला. कैलास रोहणा गावचा, कुस्तीत वाढलेला, दारातून आडवा होऊन शिरणारा. पुण्यात या खेळाची नवी व्यावसायिक लीग निघाली, तेव्हा त्याला पगारावर घेतलं आणि पहिल्या रांगेत उभं केलं. मागे पियुष चेंडू फेकायचा. त्याच्यावर धावून येणाऱ्यांना अंगावर घ्यायचं, एवढंच कैलासचं काम. सगळ्या सामन्यांत त्याचा हात चेंडूला कधी लागला नाही.

धडक आधी मला बसायची, मग त्याला. पियुषने चेंडू लांब फेकला की मैदान उठून उभं राहायचं. तेव्हा आम्ही दोघं गवतात तोंड खुपसून पडलेले असायचो. पियुष मात्र सामना संपला की येऊन माझ्यावर थाप मारायचा. कौतुक काय ते तेवढंच, पण ते खरं होतं.

एकदा धडकेनंतर कैलास उठला आणि चुकून समोरच्या संघात जाऊन उभा राहिला. लोक हसले. प्रशिक्षकांनी विचारलं, तर म्हणाला, "काही नाई झालं सर."

पुढे अनेक वर्षं तो तेच सांगत राहिला. लीग बंद पडली. तो इकडे परतला, जिममध्ये शिकवू लागला. मग त्याला उजेड सोसेना. खिडक्या लावून बसू लागला. बायकोने, मोहिनीने, विचारलं तरी तेच उत्तर. एके दिवशी तो मुलीला, वर्षालीला, आणायला निघाला आणि शाळेचा रस्ताच विसरला. पोर फाटकाशी एकटी रडत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मोहिनीने वाद घातला नाही. मला पिशवीत घातलं आणि आम्हा दोघांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या आतली गादी अंगठ्याने दाबली. ती दबली ती दबलीच, वर आली नाही. डोकं दुखतं का, असं त्यांनी कैलासला विचारलं. तो सवयीने नकारार्थी मान हलवणार, तेवढ्यात मोहिनी हळूच म्हणाली, "तुमी आतापावतर सगळ्याइले वाचवलं. आता आमाले तरी खरं सांगा."

त्याने माझ्या दबलेल्या गादीवर बोट फिरवलं. मग म्हणाला, "दुखते. लई दिवसाचं दुखून राह्यलं."

वारंवारच्या धडकांनी मेंदूला इजा झाली आहे, सगळं पूर्ववत होणार नाही, पण आराम पडेल, असं बाई म्हणाल्या. आता औषधं चालू आहेत. काही दिवस बरे जातात, काही जात नाहीत.

मित्रांनो, मी कवटी सांभाळतो. आत काय हललं ते मलाही दिसत नाही. तुमच्यातला कुणी आपटून उठला आणि "काही नाही झालं" म्हणाला, तर हसू नका. त्याला सावलीत बसवा, पाणी द्या, आणि पुन्हा एकदा विचारा.