लाकडाची जीभ

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. तुमच्या तळहातात मावेन एवढी लहान. माझ्या एका टोकाला भोक आहे, त्यातून काथ्याची दोरी ओवलेली आहे, आणि दुसरं टोक गोल घासलेलं आहे. हा आकार कुणी मुद्दाम दिला नव्हता. पण शाळेतल्या मुलांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच माझं नाव ठेवलं, 'जीभ'. तेच पुढे कायम राहिलं.

माझा जन्म हैतीच्या दक्षिण किनाऱ्यावरचा. मी मापूच्या झाडाची आहे. आमच्याकडे मापूला कुणी कुऱ्हाड लावत नाही. त्याच्यात कुणीतरी राहतं असं म्हणतात, आणि कोण राहतं ते विचारायचं नसतं. एका वर्षी मोठं वादळ आलं आणि ओढ्याकाठच्या मापूची फांदी आपण होऊन खाली पडली. शाळेचे लेस्पिनास मास्तर तिथून चालले होते. त्यांनी दोर्विल सुताराला बोलावलं आणि त्या फांदीतून एक पट्टी काढून मागितली.

दोर्विल डोकं खाजवत राहिला. "मास्तर, दुसरं लाकूड देतो की. ह्ये नगं. ह्ये पडलं तरी निजत न्हाय."

"तू शुद्ध बोल, म्हणजे मी ऐकेन," मास्तर म्हणाले.

दोर्विलला शुद्ध बोलता येत नव्हतं. त्यानं मान खाली घातली आणि मला कापून दिलं.

आमच्या गावात दोन भाषा होत्या. घरात, बाजारात, भांडणात आणि अंगाईत क्रेओल. शाळेत, कचेरीत आणि चर्चच्या पुढच्या बाकांवर फ्रेंच. कुणी क्रेओलमध्ये तोंड उघडलं की समोरचा माणूस आधी त्याच्या पायांकडे बघायचा, चपला आहेत का ते पाहायला. मास्तरांना वाटायचं की मुलांची ही बोली सुटली तर त्यांचं भलं होईल. ते वाईट माणूस नव्हते. आजारी मुलाला ते स्वतः उचलून घरी पोचवत. पण बोलीच्या बाबतीत त्यांच्यात दया नव्हती.

त्यांनी नियम केला. शाळेत जो क्रेओल बोलेल त्याच्या गळ्यात मी. त्यानं दुसऱ्या कुणाला बोलताना पकडलं की मी त्या दुसऱ्याच्या गळ्यात. संध्याकाळी घंटा होताना मी ज्याच्या गळ्यात असेन त्यानं अंगणातल्या खड्यांवर गुडघे टेकायचे, बाकीच्यांनी त्याच्यासमोरून घरी जायचं.

तुम्हाला वाटेल की मुलं एकमेकांना सांभाळून घेत असतील. सुरुवातीला घेतलंही. मग मात्र ज्याच्या गळ्यात मी असे तो दिवसभर कान लावून हिंडू लागला. औषधवाल्याचा मुलगा ओदिलों यात पटाईत होता. तो लिंबाचा काटा खिशात ठेवायचा आणि मागून येऊन हळूच टोचायचा. दुखल्यावर फ्रेंचमध्ये कोण ओरडतं?

"आता ही तुझी," असं म्हणून तो मला दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा आणि शीळ घालत निघून जायचा.

अशात वरच्या डोंगरातून एक मुलगी शाळेत आली. तिचं नाव सिलियानीज. गावातल्या मावशीकडे राहून शिकायला आईनं तिला पाठवलं होतं. तिला फ्रेंचचा एक शब्दही येत नव्हता. पहिल्याच सकाळी तिला तहान लागली. ती उभी राहून म्हणाली, "मास्तर, वाईच पानी देता का?"

वर्ग खदखदून हसला. "वाईच!" ओदिलोंनं तिची नक्कल केली. "डोंगरातनं बकरी आलीया, पानी मागतीया."

मी तिच्या गळ्यात गेले. त्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या गळ्यातच होते, आणि नंतरच्या कितीतरी संध्याकाळी. ती कुणाला पकडत नव्हती. काटा टोचला की "आये गं" म्हणायची आणि माझी दोरी मुठीत धरून ठेवायची.

मग तिनं एक गोष्ट केली. ती बोलायचीच थांबली. काटा टोचला तरी तिच्या तोंडून आवाज निघेना. ओदिलोंनं जोरात टोचून पाहिलं. तिनं फक्त वळून त्याच्याकडे बघितलं. तो दोन पावलं मागे सरकला. त्यानंतर त्यानं तो काटा कधी बाहेर काढला नाही.

बाकीच्या मुलांनी हे पाहिलं. आधी लहान मुलं गप्प झाली, मग मोठी. जो बोलत नाही त्याला कुणी पकडू शकत नाही. मी भिंतीवरच्या खिळ्यावर लटकून राहू लागले. मास्तर खूश झाले. जाता-येता माझ्यावरून बोट फिरवून म्हणायचे, "गुणाची आहेस."

पण मित्रांनो, मला खिडकीतून अंगण दिसायचं. मधल्या सुट्टीत सगळी शाळा तिथं खेळायची, पळायची, पडायची, आणि आवाज कुणाचाच नाही. दोरीवरच्या उड्यांची दोरी जमिनीवर आपटायची तेवढी ऐकू यायची. पाठशिवणीत कुणी सापडला तरी ओरड नाही. नेहमी तिथं येणारा पिवळा कुत्रा फाटकाशी थांबायचा, कान मागे टाकायचा आणि परत जायचा. बाजाराला निघालेल्या बायका शाळेपाशी आल्या की डोक्यावरच्या टोपल्या सावरून छातीवर क्रूसाची खूण करायच्या आणि पावलं उचलायच्या.

पाऊस नसलेल्या महिन्यांतही माझं लाकूड आतून ओलं राहू लागलं. मास्तर मला कोरड्या फडक्यानं पुसायचे. थोड्या वेळानं मी पुन्हा ओली व्हायचे.

मोठ्या सुट्टीनंतर सिलियानीजची आई शाळेत आली. मेर्झिली तिचं नाव. ती दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

"मास्तर," ती म्हणाली, "लेक सुट्टीला घरी आलती. तिच्या आजीनं मक्याच्या कण्या वाढल्या. म्हनली, खा गं माझे राणी. ही नुसती बघतीया. चार हाका मारल्या, ही बघतीया. मग म्हातारी मला बाजूला घिऊन म्हनली, ही आपली न्हाय गं. आपली तिकडंच ठिऊन घेतली आन् तिच्यावानी दिसनारी दुसरीच कोन धाडलीया."

"बाई, मला आपली भाषा समजत नाही," मास्तर फ्रेंचमध्ये म्हणाले.

मेर्झिलीला त्यांचं बोलणं कळलं नसावं. तिनं माझ्याकडे बोट केलं. "तिचं बोलनं ह्या खिळ्यावर ऱ्हायलंय. तेवढं द्या. म्या घिऊन जाते."

मास्तरांनी मला खिळ्यावरून काढून मुठीत धरलं आणि नकारार्थी मान हलवली. मेर्झिली त्यांच्याकडे बराच वेळ निरखून बघत राहिली.

"तू ताझिलियाचा वोबे न्हवं का?" ती एकदम म्हणाली. "आमच्या वरच्या अंगाचा?"

"माझं नाव रोबेर लेस्पिनास आहे," मास्तर म्हणाले. पण रोबेर म्हणताना त्यांचा 'र' किंचित निसटला आणि डोंगरातल्या लोकांसारखा 'व' झाला. तो तिनं ऐकला, मीही ऐकला.

"तुझी आय गेली, वोबे," मेर्झिली हळू आवाजात म्हणाली. "पावसाळ्याच्या आधी. जाईस्तवर तुला हाका मारत हुती. तुला कुनी सांगितलं न्हाय व्हय?"

मास्तरांच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. "आपण जाऊ शकता," ते फ्रेंचमध्ये म्हणाले. पण त्यांची मूठ एवढी घट्ट आवळली होती की त्यांच्या अंगठ्याच्या नखाची खूण माझ्या अंगावर उमटली. ती अजून आहे.

पुढच्या आठवड्यात राजधानीतून तपासनीस आले. पांढरा सूट, हातात पनामा टोपी. त्यांनी वर्गाला नदीचं नाव विचारलं. कुणी बोललं नाही. राष्ट्रपित्याचं नाव विचारलं. कुणी बोललं नाही. मग ओदिलोंच्या जवळ जाऊन त्यांनी त्याचं स्वतःचं नाव विचारलं. त्या मुलाला फ्रेंच उत्तम येत होतं. त्यानं तोंड उघडलं, ओठ हलवले, आणि त्याच्या डोळ्यांत भीती दाटून आली. आवाज बाहेर पडत नव्हता. त्यानं आपल्या गळ्याला हात लावून पाहिला.

"ही मूकबधिरांची शाळा आहे काय?" तपासनीसांनी विचारलं.

"नाही महोदय. मुलं शिस्तीची आहेत."

तपासनीस हसले. "आणि आपण स्वतः मूळचे कुठले? नाही, सहज विचारतो. आपल्या बोलण्याला डोंगराचा वास येतो."

मास्तर लाल झाले, मग पांढरे पडले. ते मुलांकडे वळले. ओळीनं बसलेले ते चेहरे, सगळे डोळे उघडे, सगळी तोंडं मिटलेली. आणि मास्तरांच्या छातीतून एक आवाज आला जो त्या शाळेत कुणी कधी ऐकला नव्हता.

"बोला की रं! आरं, बोला की लेकरानू! कायबी बोला!"

कुणी बोललं नाही. सिलियानीज मात्र उठली. ती भिंतीपाशी गेली, बाकावर चढली, तिनं मला खिळ्यावरून काढलं आणि मास्तरांसमोर येऊन दोन्ही हातांनी दोरी पसरून धरली. नियम तिला माहीत होता. तिच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना आनंद.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी मान वाकवली.

तपासनीस टोपी घालून निघून गेले. संध्याकाळी घंटा झाली तेव्हा मी मास्तरांच्या गळ्यात होते. ते अंगणात गेले आणि खड्यांवर गुडघे टेकून बसले. मुलं एकेक करून त्यांच्यासमोरून घरी गेली. कुणी हसलं नाही. त्यांच्या अनवाणी पावलांचा आवाज तेवढा होत होता.

दुसऱ्या दिवशी मास्तर डोंगर चढून गेले. मी त्यांच्या गळ्यातच होते. मेर्झिलीनं त्यांना त्यांच्या आईच्या झोपडीशी नेलं. झोपडीच्या बाजूला चुन्यानं रंगवलेलं थडगं होतं. मास्तरांनी हॅट काढली. 

"माते," ते फ्रेंचमध्ये म्हणाले, "मी आलेलो आहे."

"आसं न्हाय, वोबे," मेर्झिली म्हणाली. "आसं म्हनलास तर तिला कळायचं न्हाय."

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. "माते," एवढंच आलं. घामानं त्यांची कॉलर भिजली. काल वर्गात जे बोलणं फुटलं होतं ते त्यांच्याकडचं शेवटचं होतं की काय कोण जाणे. त्यांनी मला गळ्यातून काढलं आणि कानाशी धरलं, लहान मुलं शंख धरतात तसं. वारा थांबला होता. कोंबड्याही गप्प होत्या.

"काही ऐकू येत नाही," ते म्हणाले.

त्यांनी मला मेर्झिलीच्या हातात दिलं आणि ते उतरून गेले. शाळा त्यांनी सोडली. पुढे ते बंदरावर कॉफीची पोती वजन करायच्या कामाला लागले. तिथं फार बोलावं लागत नाही. शाळेत नवे मास्तर आले. त्यांनी पत्र्याची पट्टी करून घेतली असं ऐकते.

मेर्झिलीनं मला आपल्या दाराला टांगलं आणि ती मुलीला घरी घेऊन आली. त्या दुपारी मेर्झिली उखळात कॉफी कुटत होती. सिलियानीजनं मला दारावर पाहिलं. जवळ आली, दोरी सोडवली आणि मला कानाशी धरलं. मेर्झिलीचं मुसळ वरच्या वर थांबलं.

मित्रांनो, मी लाकूड आहे. मी काही बोलले नाही. हे मी शपथेवर सांगते. पण ती मुलगी ऐकत होती. लांबून कुणी हाक मारली की माणसाची मान जशी वळते तशी तिची मान वळली. समोरची पायवाट रिकामी होती, पार खालच्या वळणापर्यंत.

"व्हय," सिलियानीज त्या वाटेकडे बघून म्हणाली. "आलेऽ."

वाटेवर कुणीच नव्हतं. मेर्झिलीनं कोण आलंय ते विचारलं नाही. आमच्याकडे विचारत नाहीत. तिनं मुसळ खाली ठेवलं. आतून आजी भिंत धरत धरत बाहेर आली, नातीच्या तोंडावरून तिनं दोन्ही हात फिरवले, कपाळ, गाल, ओठ.

"आता आली," म्हातारी म्हणाली. "आता हीच हाय."

सिलियानीजचं बोलणं हळूहळू परत आलं. आज ती डोंगरातल्या बायकांना दोन्ही भाषा लिहायला शिकवते. ओदिलों बोलू लागला, पण अडखळत. काही मुलं मात्र मोठी होऊन दूर निघून गेली आणि त्यांचं काय झालं ते मला माहीत नाही. त्यांचे शब्द माझ्यात असतील तर ते मला ऐकू येत नाहीत. पावसाळा नसतानाही मी अजून ओली होते, एवढं खरं.

माझ्यासारख्या पट्ट्या आता फारशा करत नाहीत. पण नुसत्या हसण्यानंही पट्टी गळ्यात पडते आणि ती कुणाला दिसत नाही. माणूस एका दिवसात मुका होत नाही. तो एकेक शब्द आत ठेवत जातो, आणि बाहेरच्यांना वाटतं, किती सुधारला. म्हणून माझं एक मागणं आहे. तुमच्या वर्गात कुणी असं गप्प झालेलं असेल तर त्याच्याशेजारी जाऊन बसा. त्याच्या घरी पावसाला, भाकरीला, आईला काय म्हणतात ते विचारा. तो सांगेल तसं तुम्हीही म्हणून पाहा. तुमचा उच्चार चुकेल. त्याला तुमचं हसू येईल. येऊ द्या.