आमचा पन्नासवर चालते

पहिलेच सांगून ठेवते, मी खोटं बोलत नाई. मी फक्त खरं होयाच्या थोडं आधी सांगून देते. मंग ते खरं झालंच नाई तं त्याले मी काय करू?

आमच्या हुडको कॉलनीत हे सगळ्याइले मालूम हाये. मनकर्णाबाईनं, म्हणजे मी, तोंड उघडलं का बाया पहिले हसतात, मंग आयकतात. माह्या नवऱ्यानं पोलादाच्या प्लांटात कोक ओव्हनमंधी, म्हणजे कोळसा भाजून कोक बनवाच्या भट्टीवर, चौतीस वर्ष काढले. त्याईच्या डब्ब्याची गोठ तं मी हजार वेळा सांगतली असन. डब्बा भट्टीत पडला अन् सोळा घंट्यानं लाल कोकसंग दुसऱ्या बाजूनं बाहेर निंगाला. उघडून पायतात तं भाकर जशीच्या तशी. फक्त ठेचा जरा कमी तिखट झाला होता.

माहा पोरगा हेमराज, तोबी आता प्लांटातच हाये. तो म्हणते, "माय, हजार डिग्रीत जर्मनच्या डब्ब्याचं पाणी होते."

मी म्हणते, "तुह्या बापाचा डब्बा होता तो. तुहा नाई."

हेमराजची पोरगी दामिनी मात्र ह्या गोठीवर फिदा. ती रायपूरले कार्टून सिनेमे बनवाचं शिकली. एका स्टुडिओनं तिले नोकरीच्या आधी परीक्षा देल्ली: आपल्या घरची एक गोठ घ्या, छोटासा सिनेमा बनवा अन् इतवारी संध्याकाळी सहाच्या आत पाठवा. सहाच्या वर एक मिनिट नाई. पोट्टीनं डब्बाच घेतला! महिनाभर आजोबाच्या मिशा काढून राहिली. मी म्हटलं, थोड्या मोठ्या काढ. तिनं काढल्या. खऱ्यात त्याइले मिशाच नव्हत्या.

इतवार आला. सकाळचे साडेआठ वाजले होते अन् दामिनी डोकं धरून बसली होती. चित्रं सगळे तयार होते, पण कंप्यूटरले ते एकेक करून पकवा लागतात. एक चित्र पकाले चार मिनिटं. दीडशे बाकी.

"दहा घंटे लागतात आजी. साडेसहा होतात. गई मेरी नौकरी."

"गॅस मोठा कर ना मंग."

मी मजाक केली होती. तिनं डोकं वर केलं. म्हणे, तसं खरंच करता येते. त्याले ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. कंपनीनं प्रोसेसरले जेवढ्या जोरानं चालाले सांगतलं, त्याच्याहून जोरात पळवाचा. आमचा पस्तीस नंबरवर चाले. चाळीसवर नेला तं पावणेनऊ घंट्यात काम होते.

"तू कधी केलं का हे?"

"नाई. व्हिडिओ पायले चार. एकदम नाई वाढवाचं. एक नंबर वाढवाचा, टेस्ट लावाची, टेम्प्रेचर पाहाचं. ऐंशी डिग्रीच्या वर नाई जाऊ द्याचं. मंग पुढचा नंबर."

"अवं, हे तं तुह्या आजोबाचंच काम होय!"

अन् हे मी खरं सांगतलं. नवी कोक भट्टी कोणी एकदम पेटवत नाई. दोन-अडीच महिने लागतात, रोज थोडं थोडं गरम करत न्या लागते, नाई तं विटा फुटतात. घंट्या-घंट्यानं लॉगबुकात लिवा लागते. हेमराजचे बाबा म्हणत, लॉगबुकात खोटं लिवलं तं भट्टी जाते अन् तिच्यासंग माणसंबी जातात. घरी माह्या गोठी आयकून ते पोट धरून हसत, पण रजिस्टरले मले हात लावू देत नव्हते.

त्याईचं एक कोरं रजिस्टर पेटीत होतं. मी ते काढलं, चष्मा लावला अन् खुर्ची ओढून बसली.

पहिले कंप्यूटरचा डब्बा उघडून धूळ काढली. इतकी निंगाली का एक उशी भरून झाली असती. बरं, अर्धी उशी. मंग दामिनीनं कंप्यूटर चालू करता करता डिलीटचं बटन टकटक दाबलं. निळं पान उघडलं, नंबरायचं. त्याले बायोस म्हणतात. छत्तीस केला, नंबर पक्का कराले एफ-टेन दाबलं, एंटर दाबलं. मी लिवलं: ८.५०. छत्तीस. अठ्ठावन डिग्री. ठीक. मंग सदतीस, ठीक. अडतीस, चौसष्ट डिग्री, ठीक.

मधात मी धुळीचं फडकं झटकाले बाहेर गेली, तं भिंतीपलीकडं राधाबाई कुरड्या वाळवून राहिली होती.

"काय चालू हाये वो सकाळी सकाळी?"

"आमचा कंप्यूटर पळवून राहिलो."

"हो का? आमच्या मोनूचा पंचेचाळीसवर चालते म्हणे." राधाबाईचा नातू मोनू. दिवसभर कंप्यूटरवर बंदुका चालवते.

आता तुमीच सांगा, माह्या जागी तुमी काय म्हटलं असतं?

"आमचा पन्नासवर चालते," मी म्हटलं.

"असं? मंग संध्याकाळी पाहाले येते मी."

आत आली तं दामिनी निळं पान उघडून एकुणचाळीस कराच्या बेतात होती. तेवढ्यात तिच्या मैत्रिणीचा फोन आला. आमच्या खोलीत आवाज कटते, म्हणून ती छतावर पळाली. जाता जाता म्हणे, "आजी, हाथ नको लावजो."

मी कायले हात लावू? मी फक्त बसली होती. समोर अडतीस लिवलेलं. बाजूले लॉगबुक. अन् डोक्यात राधाबाई.

मी विचार केला, एकदा पन्नास करून पाहू. एकदा. म्हणजे मी राधाबाईले खोटं नाई बोलली असं होईन. मंग आपला अडतीसवर आणून ठेवू, पोट्टीले समजणारबी नाई. ज्या माणसानं चौतीस वर्ष भट्ट्या हळू हळू गरम केल्या, त्याची बायको मी. पाच दाबलं, शून्य दाबलं, एफ-टेन दाबलं, एंटर दाबलं.

पडदा काळा.

पंखे असे घरघरले का मले वाटलं जामुलचा सिमेंट कारखाना आमच्या बैठकीत आला. मंग बंद. मंग आपोआप चालू. मंग काळाच. मी त्याले थापट्या मारल्या. पाया पडली. मंग हात आपोआप रजिस्टरवर गेला अन् मी लिवलं: ९.२०. पन्नास. अंधार. अन् रजिस्टर नेऊन कणकीच्या डब्ब्यामागं लपवलं.

दामिनी खाली आली. बटन दाबलं, वायरी काढल्या, लावल्या. काही नाई.

"मी तं अडतीसवर सोडलं होतं! अडतीस चालून राहिलं होतं ना आजी, तू लिवलं ना? म्हणजे नंबराचा प्रश्नच नाई. बोर्ड जळला."

हेमराज धावत आला. म्हणे व्होल्टेज आलं असन. त्यानं सुपेला बाजारातल्या एका ओळखीच्या मेकॅनिकले फोन लावला, तं तो लग्नाले कुम्हारीले गेलेला. म्हणे उद्या आणा. दामिनी जमिनीवर बसली अन् रडाले लागली. आवाज नाई काढला. नुसते डोये पुसे अन् घड्याळाकडं पाहे.

मी काय केलं? मी चहा केला. कोणी मांगतला नव्हता. तो कोणी पेला नाई तं आणखी केला. घड्याळात साडेदहा झाले.

मंग मी म्हटलं, "बोर्ड नाई जळला. मी पन्नास केलं."

हेमराज हसला. पोरगी रडून राहिली अन् हा हसला. "माय, तुले टीव्हीचा रिमोट समजत नाई. तू बायोस बदललं?"

"पान उघडंच होतं. मी पाच दाबलं, मंग शून्य..."

"अन् मंग?"

इथं मले चूप बसा लागत होतं. पण जीभ हाये माही. सत्तर वर्षाची सवय. "अन् मंग मागून हातभर निळा जाळ निंगाला ना!"

झालं. हेमराजनं मान हालवली. दामिनीनं डोये पुसले अन् हात जोडले मले.

"आजी, प्लीज. आज गोठी नको सांगू. आज नको."

मले आजवर खूप जणाइनं खोटारडी म्हटलं. ते मले आवडते, खरं सांगते. पण हात नव्हते जोडले कोणी. जन्मात एकदा खरं घेऊन उभी होती मी, अन् ते घेणारं कोणी नाई. जाळ नव्हता निंगाला, तेवढं मांगं घेते म्हटलं, तं तेबी आयके ना कोणी.

मंग स्वयंपाकघरात गेली अन् कणकीच्या डब्ब्यामागून रजिस्टर काढून आणलं. पीठ झटकून दामिनीसमोर ठेवलं.

तिनं वाचलं. हेमराजनं तिच्या खांद्यावरून वाचलं. वेळ, नंबर, डिग्री, शेरा. त्याच्या बापाची लिवाची रीत.

"अंधार," हेमराज हळूच म्हणे. "माय, हे तू तवाच लिवलं?"

"मंग? त्याईच्या रजिस्टरात खोटं लिवाची माही हिंमत होते का?"

दामिनी उठूनच उभी राहिली. "बाबा, पन्नासवर कोणताबी नाई चालत! जळला नाई तो, अडकला हाये फक्त. सेल काढा लागते!"

तिनं वायर काढली, डब्बा उघडला अन् आतून रुपयाएवढा सेल काढला. माह्या शुगरच्या मशीनीत असते तसाच. तो काढला का कंप्यूटर आपला नंबर भुलून जाते, म्हणे, अन् पहिल्यासारखा पस्तीसवर येते. पाच मिनिटं थांबलो आमी. मले वाटलं, माह्यातूनबी असा एखादा सेल काढता आला असता तं हेमराजनं कवाच काढला असता.

सेल लावला. बटन दाबलं. पडदा उजळला.

चाळीसवर पोचून काम सुरू होयाले अकरा वाजले. मी दर पंधरा मिनिटानं लिवत होती. ११.१५, चाळीस, एकाहत्तर, ठीक. जेवलीबी तिथंच. संडासले गेली तं हेमराजले बसवून गेली.

पाचले राधाबाई आली. "कुठी हाये वो पन्नास?"

त्या दिवशी मले खोटं बोलाची ताकदच नव्हती. "चाळीस हाये," मी म्हटलं.

तिनं पडद्याकडं पायलं, माह्याकडं पायलं. "चाळीस? हं. नजर लागन म्हणून कमी सांगून राहिली. मले समजते. साठ असन." अन् गेली. दुसऱ्या दिवशी सगळ्या हुडकोत साठ झाला होता. मी एक शब्द बोलली नाई, देवाशपथ.

पण पावणेसहाले चौतीस चित्रं बाकी होते. बरेचसे माह्या पन्नासनंच खाल्ले. अन् नेमके शेवटचे! आजोबा डब्बा उघडतात अन् भाकर दिसते, ते. दामिनीनं हिशेब केला. तीन सेकंद पडदा काळा राहीन.

मी म्हटलं, "माह्यामुळं झालं पोरी."

ती घड्याळाकडं पाहून राहिली होती. एकदम मोबाईल माह्या तोंडासमोर धरला. "आजी, तीन सेकंद हायेत. डब्बा उघडला. बोल."

मले विचार करालेबी वेळ नव्हता. मी म्हटलं, "अवं माय, भाकर गरमच!"

तिनं ते काळ्या तुकड्यावर लावलं अन् पाच छप्पनले पाठवून देल्लं.

आठ दिवसानं स्टुडिओचा फोन आला. दामिनीनं स्पीकरवर टाकला, मी बाजूलेच तांदूळ निवडत होती. सायेब म्हणे, एक तारखेपासून कामाले यावं. मंग म्हणे, एक बात बताओ, आखिर में तुमने डिब्बे के अंदर दिखाया ही नहीं, सिर्फ अंधेरा और दादी की आवाज. ये आइडिया कैसे आया?

मी तांदळातून मान वर केली. ही पोट्टी जन्मात खोटं बोलली नाई. शाळेत होमवर्क नाई केला तं स्वतःहून उभी राहे.

दामिनीनं मले पायलं. डोयाची पापणीबी नाई हालली तिची.

"सर, वो तो पहले दिन से सोच रखा था."

मी हात पुसले, रजिस्टर ओढलं अन् लिवलं: ११.४०. दामिनी. पहिलं खोटं. ठीक.