मी यासेरला समुद्रावर नेले

मित्रांनो, किल्लारीच्या वळणावर पुढची काच नवी आणि बाकी सगळे अंग जुने असलेली पांढरी जीप दिसली, तर ती मीच आहे असे समजा. माझा जन्म कारखान्यात झाला. यासेरच्या वडिलांनी मला घरी आणले तेव्हा माझ्या बोनेटवर फुलांचा सेहरा बांधला होता. पुढे वडील थकले आणि यासेर मला चालवू लागला. किल्लारी ते लातूर, लातूर ते किल्लारी. बाजाराच्या दिवशी माझ्यात एवढी माणसे कोंबलेली असत की माझे स्प्रिंगचे पाटे कुरकुरत. तरी लोक म्हणायचे, "यासेरभाईची जीप कधी दगा देत न्हाई." ते ऐकून मला बरे वाटे.

एका उन्हाळ्यात लोकांच्या फोनवर एक अफवा फिरू लागली. पांढऱ्या जीपमधून लेकरे पळवणारी टोळी आली आहे, असे त्यात लिहिले होते. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. त्या दुपारी लातूरहून परतताना रस्ता बंद होता, म्हणून यासेरने मला आडवाटेच्या एका गावातून घेतले. माझे इंजिन तापले. माझ्यात एकच प्रवासी उरली होती, भाजी विकून घरी निघालेली बसम्मा मावशी. यासेरने रस्त्याकडेला खेळणाऱ्या एका पोरीला विचारले, "बाळा, पाणी कुठं मिळंल?"

तेवढ्यावरून कुणीतरी ओरडले, "हेच ते! धरा!"

पहिला दगड माझ्या काचेवर आला. काच फुटून यासेरच्या तोंडावर उडाली. धावून आलेल्या जमावाने त्याला कॉलर धरून बाहेर ओढले. काठ्या आल्या, लाथा आल्या. कुणी माझे दिवे फोडले, कुणी सीट फाडल्या. एका माणसाने माझा बाजूचा आरसा उपटला आणि त्याच आरशाने तो यासेरच्या डोक्यावर घाव घालू लागला. माझ्याच अवयवाने माझ्या धन्याला मारले जात होते आणि मला हॉर्नही वाजवता येत नव्हता.

बसम्मा खाली उतरली. "माझ्या गावचा हाय रं तो! सोडा त्याला!" ती ओरडत होती, पण ऐकतो कोण? शेवटी ती त्याच्या अंगावर आडवी पडली. तिच्या हातावर काठी बसली आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. पोलीस आले तेव्हा रस्त्यावर काच आणि रक्त एकत्र झाले होते.

काही लोकांना अटक झाली. यासेरची हाडे जुळली. माझेही पत्रे ठोकून सरळ झाले आणि नवी काच बसली. पण यासेर काही सरळ झाला नाही. तो झोपेत किंचाळायचा. कुकरची शिट्टी वाजली की ताट भिंतीवर फेकायचा. लातूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, थोडा फरक पडला. पण मला हात लावायला तो तयार नव्हता. त्याची बायको कहकशां हिनेच मोकळ्या रानात धक्के खात मला चालवायला शिकून घेतले. घर चालायला हवे होते ना!

एकदा ती मागून आली आणि तिने चहासाठी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो गर्रकन वळला आणि त्याने तिच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फाटला. आपण कुणाला मारले हे कळताच तो माझ्याकडे धावला आणि माझ्या बोनेटवर स्वतःचे डोके आपटू लागला. माझ्या पत्र्याला पडलेला तो खळगा अजून आहे.

बसम्मा हे ऐकून आली. तिचा हात अजून नीट वळत नव्हता. ती म्हणाली, "भूकंपात माझी आई गेली, लेक गेली. पुढं वर्षभर डोक्यात भिंतीच पडत राहिल्या. मग मदतीला आलेल्या बाया आम्हाला कोकणात घेऊन गेल्या. समुद्राचा आवाज लई मोठा, पोरी. तिथं पहिल्यांदा मला भिंतींचा आवाज आला न्हाई. ह्याला तिकडं ने."

डॉक्टर म्हणाले, "जरूर न्या. पण गोळ्या सोडू नका."

बसम्मालाही घेऊन आम्ही निघालो. सोलापूर, कोल्हापूर आणि मग घाट. कहकशां दात घट्ट आवळून मला उतरवत होती. यासेर मागच्या सीटवर डोके गुडघ्यात घालून बसला होता.

मालवणच्या बाजूला एका किनाऱ्यावर तिने मला उभे केले. मी आयुष्यात एवढे पाणी पाहिले नव्हते. यासेर बराच वेळ उतरलाच नाही. मग एकदम उतरला आणि कपड्यांनिशी सरळ पाण्यात गेला. लाटेने त्याला छातीवर धडक देऊन आडवे केले. तो उठला आणि लाटेला ठोसे मारू लागला. शिव्या देत होता, लाथा घालत होता, पुन्हा पुन्हा पडत होता. कहकशां त्याच्या शर्टाचे टोक घट्ट धरून कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली.

"मावशी, ह्यांना आवरा!" ती रडत ओरडली.

"मारू दे गं," बसम्मा म्हणाली. "पाण्याला लागत न्हाई."

शेवटी त्याचे हात खाली आले. तो तिथेच बसून मोठमोठ्याने रडला. संध्याकाळी माझ्या सीटवर आडवा झाला, आणि कित्येक महिन्यांनी मी त्याचा श्वास संथ झालेला ऐकला.

आम्ही तिथे मुक्काम केला. एका सकाळी कोळ्यांचा मोठा जमाव ओरडत आमच्याकडे येताना दिसला. यासेरचे डोळे फिरले. त्याने माझ्यातून जॅकचा दांडा उचलला. ते लोक तर फक्त जाळे ओढायला आले होते. कहकशां त्याच्यासमोर उभी राहिली. "मला मारा आधी," ती म्हणाली.

दांडा हवेतच राहिला. तेवढ्यात एक म्हातारा कोळी ओरडला, "बघतस काय रे? धर दोर!"

यासेरने दांडा टाकला. तो त्या गर्दीत शिरला. पुढे माणूस, मागे माणूस, खांद्याला खांदा. जाळे वाळूवर आले तेव्हा त्याचे तळवे सोलून निघाले होते आणि कोळ्यांबरोबर तोही ओरडत होता.

आता तो पुन्हा मला चालवतो. गोळ्या चालू आहेत. काही दिवस वाईट जातात. परवा स्टँडवर एक माणूस न बघता पुढच्या सीटवर येऊन बसला. ज्या हाताने माझा आरसा उपटला होता, तो हात मी ओळखला. यासेरनेही ओळखला. त्याने इंजिन बंद केले.

"उतर."

तो माणूस पांढराफटक पडला. "भाई, त्या दिवशी सगळेच..."

"उतर म्हणलं. मला मारायचं न्हाई तुला. पण माझ्या जीपमधी बसू नको."

तो उतरला. यासेरने खाली उतरून तोंडावर पाणी मारले आणि मग गाडी चालू केली.

मित्रांनो, माझा पत्रा ठोकून सरळ होतो, माणसाचे तसे नसते. समुद्राच्या खाऱ्या हवेने माझा तळ गंजला आहे, त्याचे मला दुःख नाही. तुम्ही फोनवरचा मजकूर पुढे पाठवण्याआधी खात्री करा. कुणी दचकत असेल, चिडत असेल, तर त्याला वेडा म्हणू नका. डॉक्टरांकडे न्या. जमले तर समुद्रावर न्या, नाही तर जवळच्या एखाद्या मोठ्या पाण्याशी न्या. आणि तो तिथे ओरडला, तर ओरडू द्या. त्याच्या शर्टाचे टोक मात्र सोडू नका.