उर्जाचा डबा

माझी मुलगी उर्जा मराठीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर जर्मनमध्ये देते. मला माहीत आहे. कुणी मान हलवत, चक् चक् करत मला ते सांगायची काही गरज नाही. तरी न्युरेम्बर्गच्या गणेशोत्सवात दर वर्षी एखादी काकू मला कोपऱ्यात गाठतेच. "उल्का, घरात मराठी बोलत जा गं पोरीशी." अहो, मग मी काय चिनी बोलते? मी भांडते मराठीत, रागावते मराठीत, स्वप्नात बडबडते तीही मराठीत. पोरीला सगळं समजतं, फक्त उत्तर "या, गेनाऊ", म्हणजे 'हो, अगदी बरोबर', असं येतं. पण या मे महिन्यात तळ्याकाठी जे झालं, ते त्या सगळ्या काकवांना एका रांगेत बसवून ऐकवावं असं मला फार वाटतं.

आमच्याकडे एक जुनी कॅरॅव्हॅन आहे. विनयने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, हौसेने घेतली. ती उर्जापेक्षा वयाने मोठी आहे आणि तिचं दार लावायला खांदा द्यावा लागतो. सुट्टी आली की गाडीच्या मागे जोडायची आणि तळ्याकाठच्या कॅम्पिंगप्लाट्झवर, म्हणजे तंबू-कॅरॅव्हॅनच्या तळावर, जायचं. तिथेच उर्जाला जिओकॅशिंगचं वेड लागलं.

ते काय असतं ते आधी सांगते. जगभर लोकांनी झाडांच्या मुळांत, पुलांखाली, दगडांआड डबे लपवून ठेवलेत. जागेचे आकडे ॲपवर असतात. ते बघत शोधत जायचं, डबा सापडला की आतल्या कागदावर नाव लिहायचं, आतली एखादी छोटी वस्तू घ्यायची, आपली एखादी ठेवायची आणि डबा होता तसा लपवून परत फिरायचं. चांगली पांढऱ्या केसांची माणसं यासाठी चिखलात गुडघे टेकतात. ज्याने डबा लपवला तो ओनर. डबा नीट राखायची जबाबदारी त्याची. हयगय झाली की कुणीतरी तक्रार करतं आणि डबा कायमचा बाद होतो.

गेल्या शरद ऋतूत उर्जा ओनर झाली. वय वर्षं दहा! किंडरगार्टनमधला तिचा निळा खाऊचा डबा तिने कॅम्पमागच्या रानात, एका जुन्या बीच झाडाच्या मुळांमध्ये लपवला. मग हिवाळाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर एकच विषय. आज कुणाला सापडला, कोण काय लिहून गेलं. बॉनहून आलेल्या कुणीतरी "सुंदर जागा" असं लिहिलं, तर बाईसाहेब दोन दिवस हवेत होत्या.

यंदा पुण्याहून सासूबाई आल्या होत्या. शोभना नाव त्यांचं. बेसनाचे लाडू भरलेला स्टीलचा डबा हातात धरूनच त्या कॅरॅव्हॅनमध्ये चढल्या आणि चौफेर बघून म्हणाल्या, "एवढ्याशा घरात माणसं भांडून बाहेर तरी कुठे जात असतील?" पाच मिनिटांत चहाचं सामान त्यांच्या मनासारखं लागलं होतं. मग उर्जाला काहीतरी विचारलं, तिने जर्मनमध्ये उत्तर दिलं, आणि सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नातीशी बोलायला मला दुभाष्या लागणार का गं?" हसत म्हणाल्या, पण मला ते चांगलंच झोंबलं.

त्या दुपारी मी आणि विनय कॅरॅव्हॅनला तंबू जोडत होतो. तंबूचा खांब आणि नवरा, दोघंही ऐकत नव्हते. तेवढ्यात उर्जा आजीला आपला डबा दाखवायला घेऊन गेली. परत आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "छान आहे हो पोरीचा डबा." मी खांबाशी झटत होते, पुढे काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उर्जाला पुन्हा डब्याकडे जायचं होतं. सासूबाई आणि मीही निघालो. बीचच्या झाडाजवळ पोचलो आणि पाहतो तर काय, सगळी जमीन उकरलेली. मुळं उघडी पडलेली. निळ्या डब्याचे तुकडे इकडेतिकडे, झाकण चावलेलं, नावांचा कागद चिखलात लडबडलेला. आणि तिथे मोबाइल घेऊन एक उंच म्हातारे गृहस्थ उभे होते. आमच्याच रांगेच्या टोकाला त्यांची कॅरॅव्हॅन होती, मागे कांगारूचं स्टिकर लावलेली. हेर त्साइडलर, म्हणजे त्साइडलरसाहेब. बायकोबरोबर वर्षभर ऑस्ट्रेलियात कॅरॅव्हॅन घेऊन डबे शोधत हिंडलो, असं त्यांनी नळावर विनयला सांगितलं होतं.

"कुणीतरी यात खायचं ठेवलं होतं," ते जर्मनमध्ये म्हणाले. आवाज चढलेला होता. "रानडुकरं आली. डब्यात खाणं ठेवायचं नाही हा पहिला नियम आहे! फॉरेस्टवाल्यांनी हे बघितलं तर या रानातले सगळेच डबे काढायला लावतील. मी आत्ता तक्रार करतो. हा डबा बाद व्हायलाच हवा. कोण आहे याचा ओनर?"

मी खाली पाहिलं. चिखलात कागदी रुमालाचा तुकडा होता आणि त्याला पिवळा चुरा चिकटला होता. बेसन! मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांना जर्मन येत नाही, पण चिखल सगळ्यांनाच वाचता येतो.

"अगं, रिकामा होता डबा," त्या अगदी हळू म्हणाल्या. "आत नुसता कागद. लोकांनी घेतलं होतं, ठेवलं कुणीच नव्हतं. पोरीने एवढ्या कौतुकाने दाखवला, तसाच रिकामा कसा ठेवू? लाडू होते पिशवीत. तिची पाठ वळल्यावर ठेवले दोन."

माझं डोकंच फिरलं. सासूबाईंवर की त्या माणसावर, तेही कळेना. तोंडाशी वाक्य तयार होतं, की माफ करा, या भारतातून आल्यात, वय झालंय, यांना काही माहीत नाही. सरळ आजीवर ढकलून मोकळं व्हायचं. खरंच होतं ना ते!

माझ्याआधी उर्जा पुढे झाली. ती आजीच्या आणि त्या माणसाच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"ओनर मी आहे," ती जर्मनमध्ये म्हणाली. "लाडू माझ्या आजीने ठेवले. पण खाणं ठेवायचं नाही हे मी तिला सांगितलंच नव्हतं. ते सांगणं माझं काम होतं. म्हणून चूक माझी."

हेर त्साइडलर जरा गांगरले. एवढीशी ओनर त्यांना अपेक्षित नसावी. "पण रानातल्या डब्यात मिठाई कोण ठेवतं?" त्यांनी विचारलं.

"आल्झो... म्हणजे," उर्जाने सुरुवात केली. "आमच्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत." त्यातले 'रिकामा डबा' हे शब्द मराठीत, स्वच्छ. मग तिने ते त्यांना समजावून सांगितलं. "कुणाचा डबा घरी आला, तर परत देताना त्यात काहीतरी घालतात. काहीच नसेल तर चिमूटभर साखर. नाहीतर त्याचा अर्थ होतो, की आमच्याकडे तुमच्यासाठी काही नाही. आजीला माझा डबा रिकामा दिसला. तिला तो तसाच ठेवणं जमलं नाही."

मी बघतच राहिले. वरच्या मजल्यावरच्या लिंडनरबाईंची केकची थाळी साखर घालून परत पाठवते, तेव्हा हीच कार्टी डोळे फिरवून म्हणते, "दास इस्ट उनलोगिश, आई." आणि इथे रानात, परक्या रागावलेल्या माणसापुढे, ते तर्काला न पटणारं सगळं आपलं म्हणून सांगत होती. मला रडू येत होतं आणि छाती फुगत होती, दोन्ही एकदम.

"तक्रार करायची तर करा," उर्जा म्हणाली. "पण संध्याकाळपर्यंत थांबा. मी जमीन नीट करते. नवीन डबा ठेवते."

त्यांनी हातातल्या मोबाइलकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "संध्याकाळपर्यंत," एवढंच म्हणून ते गेले.

मग आम्ही तिघींनी माती ओढली. सासूबाईंनी ओढणी कमरेला खोचली आणि कॅम्पिंगच्या थाळीने खड्डे बुजवायला लागल्या. मधेच थांबून म्हणाल्या, "काय बोलली गं ती त्याला?" मी सांगितलं, शब्दन् शब्द.

"माझ्यावर नाही ढकललं?"

"नाही, आई."

त्यांनी मनगटाने डोळे पुसले, त्यामुळे गालाला माती लागली. "शिकवलंस हो पोरीला," त्या म्हणाल्या. लग्नाला तेरा वर्षं झाली, माझ्या पोळ्यांनासुद्धा असं सर्टिफिकेट मिळालेलं नाही!

मी माझा घट्ट झाकणाचा चहापत्तीचा डबा उर्जाला दिला. सासूबाईंनी मात्र वेगळाच घाट घातला. स्टीलच्या डब्यात उरलेले लाडू भरले आणि म्हणाल्या, "जा, त्या आजोबांना देऊन ये."

"आई, लाच वाटेल ती!" विनय ओरडला.

"कसली लाच? सकाळी उपाशीपोटी रानात आला होता बिचारा. उपाशी माणूस चिडणारच."

उर्जा गेली आणि देऊन आली. ते काय म्हणाले, विचारलं तर खांदे उडवले. दुपारभर पोरगी कॅरॅव्हॅनच्या पायरीवर बसून मोबाइलकडे बघत होती. तक्रार आली, की तो निळा डबा, तो हिवाळा, ते बॉनचं "सुंदर जागा" सगळं संपणार होतं.

उन्हं कलली तेव्हा हेर त्साइडलर आले. हातात आमचा डबा, घासून लख्ख केलेला. तो त्यांनी सासूबाईंच्या पुढे दोन्ही हातांनी धरला. सासूबाईंनी तो उर्जाकडे दिला.

उर्जाने झाकण काढलं. आत पाण्याने न भिजणाऱ्या कागदाची नवी गुंडाळी होती, एक बुटकी पेन्सिल होती आणि कांगारू कोरलेलं एक नाणं होतं.

"ऑस्ट्रेलियात एका डब्यात मिळालं होतं," ते म्हणाले. "हे नाणं डब्याडब्यांतून प्रवास करतं. ज्याच्या डब्यात ठेवावं, असा ओनरच भेटेना. तुझ्या नव्या डब्यात ठेव. कागदावर पहिली सही मी करणार."

"आणि तक्रार?" उर्जाने विचारलं.

"कसली तक्रार? लाडू फार चांगले होते."

मी आत वळले. रडवेला चेहरा लोकांना कशाला दाखवायचा? सासूबाई डब्यात डोकावल्या आणि नातीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "बघ गं, रिकामा नाही दिला हो त्यांनी डबा."

"गेनाऊ, आजी," उर्जा म्हणाली.

आजीला ते बरोब्बर कळलं. दुभाष्याची गरज पडली नाही.